मैदानालाही ‘दुपारी बंद’ची पाटी लावा

कसबा पेठेतल्या क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते, शाळांचे क्रीडाशिक्षक, क्रिकेटचे आणि अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक, आणि मुलांना उन्हाळी शिबिरात घालायला निघालेले आई-वडील, या सगळ्यांना ही विनंती आहे. ती आजच वाचा. वार्षिक परीक्षा संपत आल्या. शिबिरांचे फ्लेक्स चौकाचौकात लागायला लागले, नावनोंदणी सुरू झाली, मैदानांच्या वेळा ठरू लागल्या. एकदा वेळापत्रक छापलं गेलं की जूनपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, हा आपला दरवर्षीचा अनुभव. म्हणून ते छापायला जाण्याआधी एवढंच करा: एप्रिल, मे आणि पाऊस बसेपर्यंतचा जून, या दिवसांत सकाळी साडेनऊ ते दुपारी पावणेचार या वेळात अठरा वर्षांखालचा एकही खेळाडू उघड्या मैदानावर नको. सराव नको, सामना नको, निवड चाचणी नको. उशिरा आला म्हणून मैदानाला पाच चकरा, हे तर नकोच नको.

विषय उष्माघाताचा नाही. त्याबद्दल वर्तमानपत्रं दर उन्हाळ्यात लिहितात आणि लोक निदान लिंबू-सरबताची बाटली तरी बरोबर देतात. विषय आहे उन्हातल्या अतिनील किरणांचा, त्यांनी कातडीवर आणि डोळ्यांवर वर्षानुवर्षं साठत जाणाऱ्या इजेचा, आणि त्या इजेतून पुढे होऊ शकणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा. अतिनील किरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्याच यादीत, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. उन्हाचा त्या यादीत समावेश १९९२ सालीच झाला. आपल्याकडे मात्र उन्हाबद्दलची चर्चा अजून ‘चटका’ आणि ‘रापणं’ यापलीकडे गेलेली नाही.

साडेनऊ आणि पावणेचार या वेळा अंदाजपंचे काढलेल्या नाहीत. मैदानात ताठ उभं राहून आपली सावली बघायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर चढलेला असतो आणि अतिनील किरणांचा मारा जोरात सुरू झालेला असतो. मेच्या मध्यावर पुण्यात ही स्थिती सकाळी सव्वानऊच्या जरा पुढे येते आणि दुपारी तीन-चाळीसच्या आसपास संपते. सहा तासांहून जास्त. डिसेंबरच्या अखेरीस हाच काळ साडेअकरा ते पावणेदोन, सव्वादोन तासांचा. थंडीतले सामने आणि मेमधले सामने एकाच वेळापत्रकाने खेळवणं किती चुकीचं आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

पुणं साडेअठरा अक्षांशांवर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, वर्षातून दोनदा, सूर्य बरोबर आपल्या डोक्यावरून जातो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून तो कौतुकाने दाखवतात. दाखवावाच. पण ते दाखवताना मुलं टळटळीत उन्हात डोकी उघडी ठेवून उभी असतात आणि आजचं ऊन सर्वांत सरळ, सर्वांत कमी हवेतून गाळून आलेलं आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यात शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. उंची वाढते तशी वरची हवा पातळ होते आणि अतिनील किरण वाढतात. हजार मीटरला साधारण दहा टक्के, असा हिशेब आहे. पुण्याच्या वाट्याला त्यातले पाच-सहा टक्के येतात.

घड्याळाचाही एक घोळ आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, आणि आपण त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला. म्हणून मेमध्ये पुण्यातली खरी माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. बारा वाजले, आता ऊन कलायला लागेल, असा हिशेब करणारा प्रशिक्षक मुलांना नेमक्या शिखरावर मैदानात ठेवतो. दुसरा घोळ उकाड्याचा. हवा सर्वांत तापते ती अडीच-तीनच्या सुमारास, कारण आधी जमीन तापते आणि मग ती हवेला तापवते. अतिनील किरणांचा कळस त्याच्या दोन तास आधीच होऊन गेलेला असतो. ‘साडेअकरापर्यंत चालतं, खरा त्रास दोननंतर’ हे वाक्य आपल्या मैदानांवर सर्रास ऐकू येतं. उकाड्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कातडीच्या दृष्टीने उलटं. उष्णता अंगाला कळते. अतिनील किरण कळत नाहीत. कळतात तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि मान लाल पडलेली असते. वळवाचे ढग आले, जरा वारा सुटला की तर आपण बिनघोर होतो, पण पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खाली येतच असतात.

या माऱ्याला एक आकडा आहे, यूव्ही निर्देशांक. शून्यापासून सुरू होतो. तीनच्या वर गेला की अंग झाकावं, आठच्या वर गेला की जास्त काळजी घ्यावी आणि अकराच्या वर म्हणजे अतितीव्र, शक्य तर सावलीतच थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी पुण्याचा आकडा अकराच्या वर जातो. मेलबर्नच्या भर उन्हाळ्यातल्या आकड्याला तो हार जात नाही. तिकडे नातवंडांकडे जाऊन आलेले आजी-आजोबा पेठेत पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. टोपी नसेल तर तिथल्या शाळेत मधल्या सुट्टीत पोराला मैदानावर सोडत नाहीत. हा आकडा आपल्या फोनमधल्या हवामानाच्या पानावर रोज दिसतो. आपण तिथे फक्त पाऊस बघतो.

आता मुख्य आक्षेप. तो खरा आहे, त्यामुळे नीट उत्तर द्यायला हवं. ‘त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो. आपली कातडी काळी-सावळी, आपल्याला काय होतंय?’

यातलं अर्धं बरोबर आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशींच्या केंद्रकावर छत्री धरतं आणि बरेचसे अतिनील किरण शोषून घेतं. भारतात एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. ऑस्ट्रेलियाचे आकडे इथे आणून लोकांना घाबरवणं अप्रामाणिकपणाचं होईल आणि तसं करायचा माझा अजिबात विचार नाही. पण मेलॅनिनची छत्री म्हणजे पत्रा नव्हे. किरण आत जातात, पेशीतल्या डीएनएच्या शेजारशेजारच्या कड्या एकमेकींना चिकटवतात. पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते. सगळ्या करत नाही. पी-५३ नावाचं जनुक बिघडलेल्या पेशीला वाढण्यापासून रोखतं. खुद्द त्या जनुकातच असा बिघाड झाला की रखवालदारच गेला. हे एका उन्हाळ्यात होत नाही. दहाव्या वर्षी सुरू झालेल्या गोष्टीचा हिशेब पन्नाशीनंतर लागतो, आणि तेव्हा शिबिराचा फ्लेक्स कोणाच्याच लक्षात नसतो.

दुसरं म्हणजे कमी होतो म्हणूनच तो आपल्याकडे उशिरा कळतो. काळ्या-सावळ्या कातडीवर बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग पुष्कळदा काळपट, चकचकीत पुळीसारखा दिसतो. लोक त्याला तीळ समजतात, चामखीळ समजतात, चुना लावतात, मेडिकलमधून मलम आणतात. दोन वर्षांनी डॉक्टरकडे जातात तेव्हा जिथे नखाएवढा तुकडा काढून काम झालं असतं तिथे नाकाची अर्धी पाळी काढावी लागते. त्वचेचा कर्करोग महाराष्ट्राला नवाही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली आपल्या रोजच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर लिहिलं, त्यात कमरेला वर्षानुवर्षं काचणाऱ्या धोतराच्या गाठीखालच्या कर्करोगाची नोंद आहे. आपल्या लोकांची, आपल्या कातडीची. एकाच जागी वर्षानुवर्षं इजा होत राहिली की आपली कातडीही बिघडते, हे इथल्याच वैद्यकाने ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिलेलं आहे.

शिवाय ‘आपली कातडी’ असं एकच काही नसतंच. पेठेत घाऱ्या डोळ्यांची, पटकन लाल होणारी गोरी मुलं आहेत. कोड असलेली मुलं आहेत. त्या पांढऱ्या डागांवर छत्रीच नसते. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलाला तर एका दुपारीही धोका आहे. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी चालू असलेल्या पोराची कातडी उन्हाला जास्त हळवी होते, आणि अशी गोळी नेमकी खेळायच्या वयातच सुरू असते. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. शिबिराच्या अर्जात रक्तगट विचारता, मग या गोष्टी विचारायला एक ओळ वाढवा.

आणि डोळे. डोळ्यांना रंगाचं संरक्षण नाही. भिंगावर मोतीबिंदू लवकर धरण्यात अतिनील किरणांचा हात असतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पडदा उन्हात राबणाऱ्यांत आणि उन्हात खेळणाऱ्यांत जास्त दिसतो. शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या डोळ्यात तो आपण पाहिलेला असतो. मैदानात सहा-सहा तास उभा राहणारा क्षेत्ररक्षक त्याच उन्हाकडे बघत चेंडू पकडतो.

क्रिकेटच्या गावाला क्रिकेटचीच उदाहरणं द्यावीत. रिची बेनॉ म्हणजे फिरकी, कप्तानी आणि नंतर समालोचनातला तो शांत आवाज. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कपाळावर आणि डोक्यावर त्वचेच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. ज्येष्ठ खेळाडू कीथ मिलर टोपी घालत नसे म्हणून आम्हीही घालत नव्हतो, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले होते. एप्रिल २०१५ मध्ये ते गेले. मायकल क्लार्कच्या चेहऱ्यावरून २००६ पासून पुन्हा पुन्हा असे कर्करोग काढले गेले आणि तो दर वेळी स्वतःचा टाके घातलेला चेहरा लोकांना दाखवतो, कातडी तपासून घ्या म्हणून सांगतो. झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवर इंग्लंडचा प्रशिक्षक असताना २०१० मध्ये त्याच्या गालावरचा मेलॅनोमा काढावा लागला. इंग्लंडचा यष्टिरक्षक सॅम बिलिंग्ज याला हाच आजार तिशीच्या आसपास गाठून गेला. आणि नव्वदीतले सामने पाहिलेल्यांना अ‍ॅलन डोनाल्डच्या गालांवरचे पांढरे पट्टे आठवत असतील. आपण त्याला युद्धाचा रंग समजत होतो. ती झिंक ऑक्साइडची जाड क्रीम होती, उन्हासाठी.

हे सगळे गोरे, हे खरं. पण त्यांच्यावरून खेळाबद्दल एक गोष्ट शिकता येते. सर्वसामान्य माणूस ऊन चढलं की सावली शोधतो, खेळाडूला ती मुभा नसते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मॅरेथॉन धावणाऱ्या २१० जणांची आणि न धावणाऱ्या तितक्याच जणांची कातडी तपासली गेली. धावणाऱ्यांत संशयास्पद तीळ आणि डाग जास्त निघाले. घामाने भिजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर भाजते, सनस्क्रीन घामासरशी उतरून जातं, आणि अंगावरचे कपडे दर मोसमात तोकडे होत चालले आहेत.

आपल्या पेठेचं म्हणून एक वेगळंच गणित आहे. हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. तांबट आळी, कुंभारवाडा, साततोटी, पवळे चौक, सगळीकडे घराला घर लागलेलं. अशा बोळांत ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते भर दुपारीच. एरवी इथलं पोर सावलीतच वाढतं. जुने खेळही सावलीचे. तालीम छपराखाली, मल्लखांब छपराखाली, हुतूतू दिवस कलल्यावर. पेठेत मोठं मैदान नाही, मग क्रिकेट, फुटबॉल आणि धावण्यासाठी मुलं बाहेर जातात: सणस मैदान, नेहरू स्टेडियमचा परिसर, शनिवारवाड्यापुढचं पटांगण, नदीपात्र, शाळा-कॉलेजांची मैदानं. वर्षभर बोळात राहिलेली, उन्हाची सवय नसलेली कातडी एप्रिलच्या पहिल्या सोमवारी एकदम सहा तास उन्हात. भाजायची शक्यता सर्वांत जास्त असते ती याच आठवड्यात. शिबिराचा पहिला आठवडा तरी तासाभराचाच ठेवा, एवढं साधं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण पैसे सहा तासांचे घेतलेले असतात.

दुपारी एक ते चार बंद, ही पाटी सगळ्या महाराष्ट्रात आपल्या चेष्टेचा विषय झाली. चेष्टा करणाऱ्यांना करू दे. उष्ण प्रदेशातल्या शहाण्या शहराने दुपारी सावलीत पडून राहावं, यात हसण्यासारखं काय आहे? गंमत एवढीच की ज्यांनी ही पाटी दुकानांवर लावली त्यांच्याच नातवंडांची नेट प्रॅक्टिस बारा वाजता रंगात असते. दुकान बंद ठेवणाऱ्या आजोबांनी आता मैदानही बंद ठेवायला सांगावं. तसं पाहिलं तर रात्री दिव्यांच्या झोतात होणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धांबद्दल पेठेत तक्रारी फार होतात, आणि लाऊडस्पीकरबद्दलच्या तक्रारी रास्तही आहेत. पण कातडीच्या दृष्टीने शहरातलं सर्वांत समंजस क्रिकेट तेच.

पोहणाऱ्यांना स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण पाण्यात गार वाटतं. टिळक तलावासारख्या उघड्या तलावांवर मेमध्ये बॅचमागून बॅच लागते. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही वरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे चाळीस टक्के पोचतात, आणि शिकाऊ पोरं तर काठाला धरून कमरेइतक्या पाण्यात उभीच असतात. पाठ, खांदे, मानेचा मागचा भाग पूर्ण उघडा. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या बॅच मागा. दुपारची बॅच स्वस्त असते म्हणून घेऊ नका. पोराला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, आता तो सहज मिळतो.

मुलींच्या बाबतीत हे आवाहन उलटं वाचलं जाईल, अशी मला भीती आहे. ‘बघ, पेपरात पण आलंय, ऊन वाईट. बंद कर ते धावणं.’ आपल्या घरांत उन्हाची काळजी म्हणजे कातडीची काळजी कधीच नव्हती, ती रंगाची काळजी होती आणि रंगाची काळजी म्हणजे लग्नाची. ‘काळी पडशील’ या दोन शब्दांनी किती चांगल्या धावपटू आठवी-नववीत मैदान सोडून गेल्या असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. कृपा करून हा लेख त्या कामाला वापरू नका. रापलेला रंग हा आजार नव्हे, गोरेपणाची क्रीम म्हणजे सनस्क्रीन नव्हे. मुलीला मैदानावर पाठवा, पहाटे सहाला पाठवा, पाचला पाठवा. तिच्या भावाला हेच सगळं तितकंच लागू आहे. उन्हात तो काळा पडला तर कोणाला काही वाटत नाही, म्हणून त्याच्याकडे तर आणखीच दुर्लक्ष होतं.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दाही निघेल. आपल्याकडे त्याची कमतरता खूप आहे, हे मान्य. पण त्यासाठी थोडा वेळ ऊन पुरतं, सहा तासांचं शिबिर लागत नाही. शरीर ठरावीक मर्यादेपलीकडे ते बनवतच नाही, इजा मात्र होत राहते.

वेळ बदलली की निम्म्याहून जास्त काम झालं आणि त्याला एक रुपया लागत नाही. उरलेल्या गोष्टींत कपडे आधी, क्रीम नंतर. हा क्रम मुद्दाम देतो आहे, कारण बाजार उलटा क्रम शिकवतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या चेहरा, मान, हात आणि गुडघ्याखालच्या पायांना सनस्क्रीन नीट लावायचं तर एका वेळी सात-आठ ग्रॅम लागतं. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी एकदा, दोन तासांनी पुन्हा एकदा. पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत संपली. पेठेतल्या किती घरांना हे परवडेल? वाटाण्याएवढं बोटावर घेऊन गालाला पुसलं तर डब्यावर लिहिलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर वापरावं, एसपीएफ तीस किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींसाठी असलेलं. त्याचा उपयोग होतो याला पुरावा आहे: ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून १६२१ लोकांवर प्रयोग झाला, त्यात रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचा स्क्वेमस सेल कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. न परवडणाऱ्यांनी निदान नाक, कान, ओठ आणि मान एवढ्यापुरतं घ्यावं आणि बाकीचं अंग कापडाने झाकावं.

मंडळांनी यंदाच्या जर्सी पूर्ण बाह्यांच्या आणि कॉलरच्या शिवाव्यात. घट्ट विणीचं पॉलिस्टर अतिनील किरण चांगले अडवतं; पातळ पांढरा सुती टी-शर्ट तितके अडवत नाही आणि घामाने भिजला की आणखी कमी. पुढे झाप असलेल्या टोपीने कपाळ झाकतं. कान आणि मान उघडीच. सगळीकडून काठ असलेली टोपी हवी, मुलांना ती ‘म्हाताऱ्यांची’ वाटते म्हणून संघाच्या गणवेशातच घाला, मग लाजण्याचा प्रश्न उरत नाही. मानेवर उपरणं टाकायला कोणालाच हरकत नसावी. ढोल-ताशा पथकांकडे बघा. विसर्जनाच्या सकाळी मानाच्या पहिल्या गणपतीपुढे, म्हणजे आपल्या कसबा गणपतीपुढे, तासन्‌तास वाजवणारी पोरं पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात आणि फेट्यात असतात. सप्टेंबरच्या उन्हात याहून चांगला पोशाख नाही. त्यांच्या माना तेवढ्या झाका.

मैदानावर सावली हवी. आपली पाळी येईपर्यंत मुलं एका रांगेत उन्हात बसलेली असतात, खेळण्यापेक्षा बसण्याचा वेळ जास्त असतो. चार बांबू आणि शेडनेट एवढ्यात काम होतं. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी अर्धं ऊन आत सोडते, म्हणून ती दुहेरी घ्या. महापालिकेच्या मैदानांवर कायमच्या छपरांची मागणी नगरसेवकाकडे लेखी करा आणि पोच घ्या.

मुलांबद्दल एवढं लिहिलं, पण आज या क्षणी सर्वांत जास्त धोक्यात असलेले लोक मैदानावर दुसरेच आहेत: पंच, स्कोअरर, ग्राउंड्समन आणि स्वतः प्रशिक्षक. त्यांची वीस-तीस वर्षं उन्हात गेली आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२३ साली सांगितलं की मेलॅनोमा वगळता त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास तीनातला एक उन्हात काम करण्याशी जोडलेला आहे. आपल्या मैदानावरची खेळपट्टी दुपारी बारा वाजता कोण तयार करतं, ते एकदा बघा. त्याला टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल आणि दुपारची सुट्टी देणं हे मंडळाचं काम आहे.

या मंडळींनी आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक जुन्या खेळाडूने येत्या रविवारी आंघोळीनंतर उजेडात आपली कातडी बघावी. पाठ बायकोला, भावाला, मित्राला बघायला सांगावी. चार आठवड्यांत भरून न आलेली जखम. खपली धरते, पडते, पुन्हा धरते असा चट्टा. चकचकीत काळी किंवा मोत्यासारखी पुळी, जिच्यातून अधूनमधून रक्त येतं. आकार, रंग किंवा कडा बदलणारा तीळ. खालच्या ओठावर न जाणारी पांढुरकी, खरखरीत जागा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तिच्याकडे तर अजिबात काणाडोळा नको. भाजल्याच्या जुन्या वणात उठलेला नवा फोड. आणि तळपाय, तळहात, नखं. नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ किंवा तळव्यावरचा पसरणारा काळा डाग हा उन्हाचा परिणाम नसतो, पण काळ्या-सावळ्या माणसांत मेलॅनोमा होतो तो बहुधा तिथेच. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा असाच कर्करोग आधी फुटबॉलची दुखापत समजला गेला. १९८१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. खेळाडू नख काळं पडलं की बूट लागला म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मार लागलेलं नख वाढतं तसा डाग पुढे सरकतो. सरकत नसेल तर दाखवा.

दाखवायचं त्वचारोगतज्ज्ञाला. ससून रुग्णालय पेठेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि तिथे त्वचारोग विभाग आहे. शंका आली तर डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका, उशीर केल्याने पसरतो. वेळेवर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेत पूर्ण बरा होतो. इतर किती कर्करोगांबद्दल असं म्हणता येतं?

आयोजकांना एक आठवण करून द्यायची आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या समारंभानंतर चौदा माणसं गेली. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं जाहीर केलं. माणसं दगावली तेव्हा वेळापत्रक बदलायला तीन-चार दिवस पुरले. अतिनील किरणांची इजा अशी एका दिवसात बातमी होत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी आदेश काढणार नाही. हे आपल्यालाच करावं लागेल.

प्रत्येक मंडळाचा चौकात फळा आहे. त्यावर श्रद्धांजली लिहितो, अभिनंदन लिहितो, शेजारच्या मंडळाला टोमणेही लिहितो. उद्यापासून सकाळी सात वाजता त्यावर आणखी दोन ओळी लिहा: आजचा यूव्ही निर्देशांक किती, आणि मैदान किती वाजता बंद, किती वाजता सुरू. लिहायचं काम सहावी-सातवीतल्या पोरांना द्या, ती चुकवत नाहीत.

आणि पालकांनो, आज रात्री शिबिराच्या सरांना फोन करा. दोनच प्रश्न विचारा: सराव किती वाजता संपतो, आणि मुलं बसतात तिथे छप्पर आहे का? उत्तर नीट आलं नाही तर फी भरू नका.